लाखाचं चावीचं घड्याळ घ्यायच्या आधी: एका सांगलीकराची दहा दिवसांची वही

आमच्या अण्णांकडं एचएमटीचं चावीचं घड्याळ होतं, जनता मॉडेल, पांढरी डायल. सकाळी बातम्यांच्या आधी आकाशवाणीचे ते पीप पीप वाजायला लागले की हातातला चहा बाजूला ठेवायचे, शेवटच्या पीपला सेकंदकाटा कुठं आहे ते बघायचे आणि कालपासून किती सेकंद पुढं गेला तो बारीक आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलनं लिहायचे. अधिक १२, अधिक १४, अधिक १३. घड्याळ रोज लावायचे नाहीत, रविवारी एकदाच. लहानपणी मला वाटायचं हे नुसतं कशाला लिहितात. आता वीस वर्षं स्वतः घड्याळांच्या मागं आहे, तेव्हा कळतंय की घड्याळ ओळखायची याच्यापेक्षा चांगली पद्धत मला अजून कुठं सापडलेली नाही.

हे सगळं लिहायला बसलो कारण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडं स्विस घड्याळांचं वेड लय वाढलंय. तासगावकडचे द्राक्षवाले, हळदीतले व्यापारी, आणि विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आपली माणसं, यातलं कोण ना कोण दर महिन्याला फोन करतं की अमुक घड्याळ मिळतंय, घेऊ का. चार लाख, आठ लाख, बारा लाख असे आकडे असतात. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. क्रमानं वाचा, मधली पायरी सोडू नका, कारण लोकांचे पैसे बहुतेक वेळा मधल्या पायरीवरच जातात.

पहिली पायरी: नेमकं कशासाठी पाहिजे ते स्वतःला विचारा

बरोबर वेळ कळावी एवढंच पाहिजे असेल तर सेलचं घड्याळ घ्या, विषय संपला. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि साधं घड्याळसुद्धा महिन्याला पंधरा-वीस सेकंदांच्या पुढं सहसा चुकत नाही. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोनं जपानमध्ये ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडचे कितीतरी कारखाने बंद पडले, हजारो कारागीर घरी बसले. अचूकतेच्या शर्यतीचा निकाल तेव्हाच लागला. आपल्याकडंही तसंच. १९६१ ला सिटिझनच्या सहकार्यानं बंगळूरला सुरू झालेली एचएमटीची घड्याळं एकेकाळी घराघरांत होती, लग्नात जावयाला अंगठीबरोबर तेच दिलं जायचं, पण टायटन क्वार्ट्झ घेऊन आली आणि लोकांची आवड बदलली. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय झाला.

मग आज एखादा माणूस चार लाख देऊन असं घड्याळ का घेतो जे रोज चार सेकंद चुकतं? माझं उत्तर असं आहे, ज्याला पटेल त्याला पटेल. या घड्याळात सगळं डोळ्यांना दिसतं. मागचं झाकण उघडलं की एक गुंडाळलेली स्प्रिंग, पाच-सहा चाकं, एक छोटं चाक इकडून तिकडं झुलतंय, बस्स, आणि एवढ्यावर दिवसाचे ८६,४०० सेकंद मोजले जातात. त्यातला प्रत्येक भाग माणूस बनवू शकतो, दुरुस्त करू शकतो, पन्नास वर्षांनी नवा करून बसवू शकतो. सेलच्या घड्याळाचं सर्किट गेलं आणि कंपनीनं बनवायचं बंद केलं असलं की ते बहुतेक वेळा तिथंच संपतं. अण्णांचं घड्याळ आज माझ्या हातात चालतंय, त्यांच्याच चावीवर माझं बोट फिरतंय, याची किंमत मला करता येत नाही. तुम्हालाही असं काहीतरी वाटत असेल तर पुढं वाचा. नुसतं चारचौघांत दिसावं म्हणून घेणार असाल तरी वाचा, निदान फसणार नाही.

दुसरी पायरी: आतलं मशीन समजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे

घड्याळाच्या बाजूचं बटण, म्हणजे चावी, फिरवली की आतली मुख्य स्प्रिंग, मेनस्प्रिंग, गुंडाळली जाते. ती सुटायला बघते, चाकांना ढकलते, आणि शेवटी एक भाग तिला अडवून अडवून सोडतो, टिक टिक हा आवाज त्या अडवण्याचा. त्याला एस्केपमेंट म्हणतात. किती वेळानं सोडायचं हे ठरवतं बॅलन्स चाक, आणि त्या चाकाला केसापेक्षा बारीक हेअरस्प्रिंग असते ती त्याला झोका देते. ऑटोमॅटिक घड्याळात मागं एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि चावी आपोआप दिली जाते, बाकी मशीन तेच.

जुनी एचएमटी तासाला १८,००० ठोके देते, सेइकोची नेहमीची मशीनं २१,६०० आणि आजची बरीचशी स्विस मशीनं २८,८००. म्हणजे स्विस मशीन दिवसात ६,९१,२०० ठोके टाकतं. रोज दहा सेकंद चुकलं म्हणजे साधारण साडेआठ हजारात एक, एवढीच चूक. एवढ्याशा हलत्या धातूकडून एवढं होतंय हे लक्षात ठेवलं की दहा सेकंदांचा राग येत नाही.

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात कधी गेला असाल तर हे पटकन कळेल. तंबोऱ्याची तार सूर धरते तो तिच्या लांबीवर, जाडीवर आणि ताणावर. तारेची लांबी कमी केली की सूर चढतो. हेअरस्प्रिंगचं तसंच, तिची कामाची लांबी किंचित कमी केली की घड्याळ पळायला लागतं, वाढवली की मागं पडतं, आणि मशीनवर अधिक-उणे लिहिलेली जी छोटी दांडी दिसते तिचं काम एवढंच. काही महागड्या मशीनमध्ये ही दांडीच नसते, तिथं बॅलन्स चाकावरची बारीक वजनं आत-बाहेर करून टाइम लावतात, तो जास्त टिकतो.

आता तंबोरा उन्हात ठेवला की उतरतो, हेही माहिती असेल. साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग गरम झाली की मऊ पडते आणि घड्याळ मागं पडतं, दोनशे वर्षं घड्याळवाले याच्याशी झगडत होते. शार्ल गियोम नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं निकेल-पोलादाचे असे मिश्रधातू शोधले ज्यांच्यावर तापमानाचा परिणाम जवळजवळ होत नाही, आणि त्याबद्दल १९२० चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळवलं. आपल्या एप्रिल-मे च्या चाळीस डिग्रीत तुमचं घड्याळ ठीक चालतंय त्याचं श्रेय त्या माणसाला. आता काही कंपन्या सिलिकॉनची हेअरस्प्रिंग वापरतात, तिला चुंबकाचाही त्रास नाही.

तिसरी पायरी: अचूकतेचे आकडे वाचायला शिका

डायलवर क्रोनोमीटर लिहिलेलं असतं आणि दुकानदार त्यावर बोट ठेवून दाखवतो. त्याचा अर्थ असा की सीओएससी या स्विस संस्थेनं ते मशीन १५ दिवस, ५ स्थितींत आणि ८, २३, ३८ डिग्री या ३ तापमानांत तपासलं आणि रोजचा सरासरी फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसला. त्यात एक गोष्ट बहुतेकांना माहिती नसते, ही चाचणी नुसत्या मशीनची झालेली आहे, केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, बसवायच्या आधीची. रोलेक्स त्याच्यापुढं घड्याळ पूर्ण जोडून परत तपासते आणि अधिक-उणे २ सेकंद सांगते. ओमेगाचं मास्टर क्रोनोमीटर ० ते अधिक ५, आणि तेही १५,००० गॉसच्या (गॉस हे चुंबकाच्या ताकदीचं माप) चुंबकातून काढून. ग्रँड सेइको ६ स्थितींत १७ दिवस तपासून उणे ३ ते अधिक ५ सांगते. आणि सेइको ५ मध्ये येणारं ४आर३६ मशीन? कंपनी स्वतःच उणे ३५ ते अधिक ४५ लिहून देते. प्रत्यक्षात बहुतेक नग त्याच्यापेक्षा बरेच चांगले चालतात, पण तक्रार करायला गेलात तर तो आकडा तुमच्यासमोर ठेवणार हे ध्यानात असू द्या.

हे सगळे आकडे कारखान्यातले आहेत. मनगटावरचा आकडा वेगळा येतो, कारण तुम्ही बुलेट चालवता, ट्रॅक्टरवर बसता, रात्री घड्याळ कसं ठेवता यावर तो बदलतो.

चौथी पायरी: दुर्मिळ म्हणजे काय ते नीट सोडवून बघा

इथं जरा थांबून बोलतो कारण सगळ्यात जास्त पैसा इथं जातो.

माझा मावसभाऊ कोइमतूरला गलाईत आहे, धंदा चांगला चालतो, त्यानं ठरवलं की चाळिशीला एक चांगलं स्विस घड्याळ घ्यायचं. एका मोठ्या शहरातल्या शोरूममध्ये गेला, काचेच्या आत पाहिजे ते मॉडेल ठेवलेलं. त्याचा तिथूनच फोन आला, "दादा, समोर ठेवलंय पण विकायला नाही म्हणतोय. नाव लिहून घेतो म्हणाला, कधी येईल सांगता येत नाही. आणि आधी दुसरी दोन घड्याळं घेतली तर लवकर बघू म्हणतोय, घेऊ का?" मी म्हटलं, बाळा, बाहेर ये, आधी चहा पी.

दुर्मिळपणाचे माझ्या मते तीन प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवायला पाहिजेत.

एक, हाताची मर्यादा. फिलिप ड्युफोर नावाचा स्विस कारागीर, त्याच्या सिंप्लिसिटी या मॉडेलचे जेमतेम दोनशेच्या आसपास नग झाले, कारण तो माणूस मशीनमधली एकेक पट्टी हातानं घासून चकचकीत करतो आणि त्याला दोनच हात आहेत. हा दुर्मिळपणा खरा, त्यावर कोणी काही करू शकत नाही.

दोन, काळानं केलेला. १९६३ ला आलेली रोलेक्स डेटोना तेव्हा दुकानात पडून राहायची, फारसं कोणी घेत नव्हतं. म्हणूनच त्या काळातल्या विशिष्ट डायलची घड्याळं कमी उरली. नट पॉल न्यूमन यांच्या स्वतःच्या डेटोनाचा ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला, १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेला. त्यात घड्याळाचा भाग किती आणि मनगटाचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

तीन, रांगेचा. रोलेक्स किती घड्याळं बनवते ते कंपनी सांगत नाही, पण जाणकारांचा अंदाज वर्षाला दहा लाखांच्या घरात जातो. दहा लाख नग निघणारी वस्तू दुर्मिळ कशी म्हणायची? पण त्यातली स्टीलची ठराविक मॉडेलं सगळ्या जगाला एकदमच पाहिजेत, कंपनी उत्पादन हळूहळूच वाढवते, म्हणून रांग लागते. रांग लागली की जुन्या बाजारात भाव चढतो, भाव चढला की ज्यांना घड्याळात काडीचा रस नाही ते पण रांगेत उभे राहतात, आणि रांग अजून वाढते. २०२१-२२ मध्ये हेच झालं. पाटेक फिलिपचं नॉटिलस ५७११, साधं स्टीलचं, शोरूमची किंमत ३५ हजार डॉलरच्या आसपास, कंपनीनं बंद करणार सांगितलं आणि जुन्या बाजारात ते दीड लाख डॉलरच्या वर गेलं. २०२२ च्या पहिल्या काही महिन्यांनंतर बाजार उतरला आणि वरच्या भावात घेतलेले अडकले. हळदीचा भाव बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही, पेव भरून ठेवलेलं असताना भाव कसा उतरतो ते सांगलीला चांगलं माहिती आहे.

मग करायचं काय? ज्या मॉडेलसाठी रांग आहे ते खरंच आवडत असेल तर नाव लिहा, शोरूमच्या किमतीतच घ्या आणि थांबा. रांगेत पुढं जाता यावं म्हणून, नको असलेलं दुसरं घड्याळ घेऊ नका, ते विकायला गेलात की तिथं तोटा होतो आणि तो तोटा पहिल्या घड्याळाच्या किमतीत धरायलाच पाहिजे, लोक धरत नाहीत. आणि शोरूमच्या वर दुप्पट भाव देऊन घेणार असाल तर एक प्रश्न विचारा: यातला किती पैसा मशीनचा, किती रांगेचा? रांग उद्या हटू शकते. तेवढ्याच पैशात तितकंच चांगलं, कधी कधी सरस मशीन असलेली घड्याळं रांगेशिवाय मिळतात, ओमेगा बघा, ग्रँड सेइको बघा, ट्यूडर बघा, कोणी अडवत नाही.

मावसभावानं शेवटी दुसऱ्या ब्रँडचं घेतलं, त्याच आठवड्यात. खूश आहे.

पाचवी पायरी: सेकंडहँड घेताना टेबलावर काय तपासायचं

सांगलीत बसून घेणारे बहुतेक लोक सेकंडहँडच घेतात, त्यामुळं हे नीट करा. पहिली गोष्ट, घड्याळ हातात घेतल्याशिवाय पैसे नाहीत. फोटोवर, व्हिडिओवर, कुणाच्या शब्दावर नाहीत. मी सुरुवातीला ऑनलाइन एक "नवीकोरी" एचएमटी मागवली होती, भडक निळी डायल, मस्त दिसायची. घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मिनिटभरात सांगितलं की डायल नव्यानं रंगवलीय, काटे दुसऱ्या मॉडेलचे, मशीन तीन घड्याळांचे भाग जोडून केलंय. अशा घड्याळांना जमवणारे लोक मुंबई स्पेशल म्हणतात, कंपनीनं कधीच न काढलेले रंग आणि डिझाइन त्यांच्यावर असतात. एचएमटीत हजार-दीड हजार गेले. रोलेक्समध्ये हेच झालं तर काय होईल ते बघा, आणि होतंय, आता नकला इतक्या चांगल्या निघतात की बाहेरून बघून ओळखणं अवघड आहे.

डबा आणि कागद आहेत म्हणजे घड्याळ खरं असं धरू नका, डबे-कागद वेगळे विकत मिळतात. कागदावरचा सिरियल नंबर घड्याळावरच्या नंबराशी एकेक आकडा लावून बघा. कडा बघा, जुनं घड्याळ सारखं पॉलिश केलं की केसच्या धारदार कडा गोल होतात, पट्टा अडकवायचे कान बारीक होतात, आणि गेलेलं धातू परत येत नाही. दिवा बंद करून डायल बघा, खुणा आणि काटे सारखेच चमकायला पाहिजेत, एक चमकतोय एक नाही म्हणजे काहीतरी बदललंय. चावी फिरवून बघा, खरखर नको. तारीख रात्री बाराच्या आसपास पलटते का बघा. स्टॉपवॉचवालं असेल तर सुरू करा, बंद करा, शून्यावर आणा, काटा बरोबर बारावर येऊन थांबला पाहिजे.

मग मागचं झाकण उघडायला लावा. विकणारा नाही म्हणाला तर माझ्याकडून सल्ला असा की तिथंच नमस्कार करून उठा. लाखांचा व्यवहार आहे, आत बघितल्याशिवाय कसा करायचा? स्वतः उघडू नका, माहितगार कारागीर सोबत न्या, त्याला त्याचा वेळ म्हणून पैसे द्या, हा खर्च वाचवू नका. त्याच्याकडं टाइमग्राफर असेल तर उत्तम. हे यंत्र घड्याळाचा आवाज ऐकतं आणि तीन आकडे दाखवतं. एक, दिवसाला किती सेकंद पुढं-मागं. दोन, ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाक किती अंश झुलतंय, पूर्ण चावी देऊन डायल वर ठेवली असता २७० ते ३१० च्या दरम्यान असलं की तब्येत चांगली, २२० च्या खाली गेलं की तेल सुकलंय, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून कमी करून घ्या. तीन, बीट एरर, टिक आणि टॉक यांच्यातला फरक, अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत बरा. यंत्रात लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला एक कोन) त्या मशीनचाच टाकायला लावा, नाहीतर ॲम्प्लिट्यूड चुकीचा दिसतो.

आणि टेबलावर अधिक १ सेकंद आला म्हणून लगेच भुलू नका. विकायच्या आदल्या दिवशी दांडी हलवून एका स्थितीत अधिक १ आणणं कोणालाही जमतं. घड्याळ डायल वर, डायल खाली, चावी वर, चावी खाली, चावी डावीकडं असं पाचही बाजूंनी ठेवून मोजायला सांगा. पाच आकडे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. एकीकडं अधिक ३ आणि दुसरीकडं उणे २५ दिसलं की आत काहीतरी दुखणं आहे.

पैशाचं थोडक्यात. दोन लाख आणि त्याच्या वर रोख घेणं कायद्यात बसत नाही, बँकेतून द्या, बिल घ्या. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेत्यानं १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा आयकर, गोळा करायचा आहे, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्नमध्ये धरता येतो. परदेशातून कोणी आणून देतो म्हणाला तर विमानतळावर ड्युटी भरलेली पावती मागा. पावती नसेल तर सोडून द्या.

सहावी पायरी: दहा दिवसांची वही

घड्याळ घरी आलं. आता अण्णांचं काम तुम्ही करायचं.

पहिल्या दिवशी सकाळी चावी पूर्ण द्या. ऑटोमॅटिकला पण वीस-तीस फेरे हातानं द्या, जर त्यात ती सोय असेल तर. फोनवर सेकंदासह वेळ दाखवणारं घड्याळ उघडा, आपली प्रमाणवेळ दिल्लीची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी सांभाळते. कुठलंही घड्याळ धरा पण दहा दिवस तेच धरा, मधे बदलू नका. घड्याळ आणि फोन शेजारी ठेवून एक फोटो काढला तरी चालतो, नंतर मोठा करून फरक वाचायचा. वहीत तारीख, वेळ आणि फरक लिहा. मग रोज त्याच वेळेला तेवढंच.

महत्त्वाचं म्हणजे या दहा दिवसांत घड्याळाची वेळ अजिबात लावायची नाही. लोकांना राहवत नाही, चौथ्या दिवशी लावतात आणि सगळा हिशोब जातो. समजा पहिल्या सकाळी फरक अधिक ४ होता आणि दहा दिवसांनी अधिक ७४ झाला, तर ७० भागिले १०, म्हणजे रोज अधिक ७. आता मधल्या दिवसांचे फरक बघा. रोज सहा, सात, आठ असे असतील तर तुमचं घड्याळ फार गुणी आहे, कारण कारागीर अर्ध्या तासात ते शून्याजवळ आणून देईल. पण एक दिवस अधिक २, दुसऱ्या दिवशी उणे ९, मग अधिक १५ असं चाललं असेल तर सरासरी कितीही गोड दिसू दे, आत दोष आहे. रोज तेवढंच चुकणारं घड्याळ चांगलं घड्याळ, हे एकदा मनात बसलं की बाकी सगळं सोपं होतं.

जहाजावरचे लोक हेच करायचे. जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीचं एच-४ हे घड्याळ १७६१ ला इंग्लंडहून जमैकाला नेलं तेव्हा ८१ दिवसांत फक्त ५ सेकंद मागं पडल्याचं निघालं, पण तो हिशोब घड्याळाचा रोजचा ठरलेला फरक वजा करून केलेला होता.

पुढचे पाच दिवस रात्रीचा प्रयोग करा. एक रात्र डायल वर, एक रात्र डायल खाली, मग चावी वर, चावी खाली, चावी डावीकडं. झोपताना आणि उठल्यावर फरक लिहा. माझं एक घड्याळ दिवसभर हातात अधिक ५ जातं आणि रात्री चावी वर करून ठेवलं की उणे ४ येतं, म्हणजे सकाळी जवळजवळ बरोबर. दोन-दोन महिने हात लावावा लागत नाही. प्रत्येक घड्याळाची ही बाजू वेगळी असते, दुसऱ्याला विचारून उपयोग नाही, स्वतःच्या वहीत बघा.

एका दिवसात अचानक मिनिटांनी पळायला लागलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा चुंबक लागलेला असतो. हेअरस्प्रिंगच्या वेटोळ्या एकमेकांना चिकटतात, कामाची लांबी कमी होते, तंबोऱ्याची तार मधेच दाबल्यासारखं. टॅबलेटचं कव्हर, स्पीकर, पर्सचं चुंबकाचं बटण, यांच्यापासून लांब ठेवा. फोनमधल्या होकायंत्रावर घड्याळ फिरवून बघा, सुई जोरात हलली की समजायचं. चुंबक काढायचं छोटं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं, काकांकडं तर असतंच, मिनिटाचं काम आहे. लोक यासाठी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे भरून येतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

सातवी पायरी: वापर, सर्व्हिसिंग आणि पाणी

चावी रोज सकाळी ठरलेल्या वेळी द्या, घट्ट लागली की थांबा. तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मधे हातानं बदलू नका, त्या वेळी आतली चाकं तारीख पलटायला गुंतलेली असतात, दात तुटतो. सर्व्हिसिंग ओमेगा ५ ते ८ वर्षांनी सांगते, रोलेक्स साधारण १० वर्षांनी. मी वही बघून ठरवतो, रोजचा फरक हळूहळू सरकायला लागला किंवा चावी लवकर उतरायला लागली की वेळ झाली. महाग घड्याळ अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच द्या आणि देताना लिहून द्या की पॉलिश करू नका आणि बदललेले जुने भाग परत द्या.

पाण्याचं मात्र आपल्या गावानं मला शिकवलं. घड्याळावर पाण्यासाठी ३० मीटर लिहिलंय म्हणजे हात धुताना शिंतोडे उडाले तर चालेल, एवढाच त्याचा अर्थ घ्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं, आम्ही आई आणि कागदपत्रं घेऊन बाहेर पडलो, अण्णांचं घड्याळ कपाटाच्या खालच्या खणात राहिलं. पाणी उतरल्यावर काढलं तर काचेच्या आत गाळ. मी त्या दिवशी एक चूक केली, ते उन्हात वाळत ठेवलं. झाकण बंद असताना उन्हात ठेवलं की आतलं पाणी वाफ होऊन डायलवर आणि मशीनवर बसतं, गंज उलट लवकर धरतो. तांदळात ठेवूनही काही होत नाही. पाणी गेलं की चावी देऊ नका, काटे फिरवू नका, त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात कारागिराकडं नेऊन झाकण उघडून घ्या. तासांचा हिशोब आहे, दिवसांचा नाही.

काकांनी दुसऱ्या एका जुन्या जनताचे भाग घालून मशीन उभं केलं. डायलवर सातच्या आकड्याजवळ पिवळा डाग राहिलाय, तो मी काढू दिला नाही. आता पावसाळा सुरू झाला आणि आयर्विन पुलाजवळची पातळी वाढायची बातमी आली की माझी सगळी घड्याळं, त्यांची बिलं आणि ती वही असं एका हवाबंद डब्यात घालून वरच्या मजल्यावर जातं. काल सकाळची नोंद अधिक ११ आहे.